पावतीवरचा १४२८५७

प्रश्न: नमस्कार सर, सांगलीच्या मार्केट यार्डात हळद विकली, त्या पावतीचा नंबर १४२८५७. पोरीनं मोबाईलवर सहज दोननं गुणला तर २८५७१४, तीननं ४२८५७१, तेच आकडे नुसते फिरून येतायत, हे कसं काय?

उत्तर: ताई, आधी पोरीला शाबासकी द्या! आता मोबाईल बाजूला ठेवा आणि कागदावर १ ला ७ नं भागा, ०.१४२८५७ येतं आणि पुढं परत तेच सुरू, कारण बाकी उरत जाते ती ३, २, ६, ४, ५ आणि शेवटी १, म्हणजे सातनं भागताना उरू शकणाऱ्या सहाच्या सहा बाक्या येऊन जातात, मग दोननं गुणणं म्हणजे २ ला ७ नं भागणंच, आणि तसं भागलं की त्याच साखळीत मधूनच शिरायचं, बाकी २ आली होती तिथून. म्हणून सहापर्यंत कितीनंही गुणा, आकडे तेच. सातनं गुणलं की ९९९९९९.

आणि मला सगळ्यात आवडतं ते हे, १४२८५७ चा वर्ग करा, २०४०८१२२४४९ येतो, त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन तुकडे पाडून बेरीज घ्या, परत १४२८५७! अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात, देवळालीच्या शाळेत शिकवणारे आपले द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांच्या नावानं.

पोरीला आता १ ला १७ नं भागायला सांगा, मोठा कागद द्या, १६ आकड्यांचं चक्र निघतं.