बुद्धिबळातल्या एंडगेमच्या (डावाच्या शेवटच्या टप्प्याच्या) कोड्यांत वजीर हाताशी असूनही जिंकत आलेला डाव सारखा स्टेलमेट होतो. काय चुकतंय?

वजीर हाताशी असूनही समोरच्याला शह नसताना एकही चाल उरत नाही (हाच स्टेलमेट) आणि डाव बरोबरीत सुटतो, असं तुम्ही लिहिलंय. माझंही बराच काळ हेच चाललं होतं, म्हणून आधी वजिराचंच सांगतो.

काळा राजा ए८ च्या कोपऱ्यात (उभ्या ओळी ए ते एच, आडव्या १ ते ८) एकटा आहे आणि तुम्ही वजीर सी७ वर नेलात. झालं! ए७, बी७, बी८ ही तिन्ही घरं बंद, पण राजाला शह नाही. बी६ वर नेला तरी तेच. म्हणजे कोपऱ्यातल्या राजापासून घोड्याच्या अडीच घरांवर वजीर ठेवायचा नाही. तो डी७ वर ठेवा. काळा राजा ए८-बी८ अशा येरझारा घालत बसेल आणि तोवर तुमचा राजा निवांत चालत येईल. घाई कशाला? नीट खेळलं तर एकट्या राजावर कुठूनही १० चालींत मात होते.

दुसरी खोड म्हणजे समोरच्याचं शेवटचं प्यादं मारायची हाव. ते प्यादं हलू शकतं तोवर स्टेलमेट होऊच शकत नाही. मी तर कधीकधी ते मुद्दाम जिवंत ठेवतो.

कोड्यांत मात्र डाव वेगळाच असतो. प्यादं शेवटच्या ओळीत पोचलं की त्याच्या जागी वजीर, हत्ती असा मोहरा घेता येतो, आणि आपला हात आपोआप वजिराकडे जातो, हे रचणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. ही स्थिती पटावर मांडून बघाच: पांढरा राजा सी२, प्यादं सी७, काळा राजा ए१, हत्ती डी४. चाल पांढऱ्याची. वजीर केलात तर काळा सी४ वर हत्तीने शह देतो, तुम्ही तो मारता आणि काळ्याला चालच उरत नाही. १८९५ मध्ये ग्लासगोच्या एका वर्तमानपत्रात हे कोडं बरोबरीचं म्हणूनच छापलं होतं. मग फर्नांडो सावेद्रा नावाच्या स्पॅनिश पाद्र्याने दाखवलं की वजिराऐवजी हत्ती करा! आता ए८ वरून शह देऊन मात करायची धमकी आहे, म्हणून काळ्याला हत्ती ए४ वर आणावा लागतो. त्यावर पांढरा राजा बी३ वर. हत्तीवर हल्ला आणि सी१ वर मात, दोन्ही एकदम. खलास.

तेव्हापासून उत्तर फारच सोपं वाटलं की मी थांबतो आणि खेळी करण्याआधी पट काळ्याच्या बाजूने बघतो. त्याचा राजा कोंडलेला असेल, प्यादी अडलेली असतील आणि फक्त एक हत्ती मोकळा असेल, तर तो हत्ती पिसाळलाच म्हणून समजा. तो शहांमागून शह देत स्वतःला मारून घ्यायलाच येतो, आणि मारला की बरोबरी. अशा वेळी हत्ती मारायच्या फंदात न पडता आपल्या राजासाठी शह पोचणार नाही असं घर शोधायचं.

जिंकायच्या कोड्यांचा कंटाळा आला की ‘काळ्याने बरोबरी साधावी’ अशी कोडी घ्या. चार-पाच डाव स्वतः असे वाचवलेत की समोरच्याचा सापळा लांबूनच दिसायला लागतो.