मला माणसांत मिसळता येत नाही. मुंबईत एकट्याने लाइव्ह संगीत ऐकायला कुठून सुरुवात करू?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीहून नोकरीसाठी मुंबईत आलात, गाणं जिवापाड आवडतं, पण अनोळखी माणसांत गेलं की तोंडाला कुलूप लागतं. अशा माणसाला सगळे एकच सल्ला देतात : छोट्या घरगुती बैठकीपासून सुरुवात करा, ओळखी होतील.

हा सल्ला साफ चुकीचा आहे. चाळीस जणांच्या बैठकीत पस्तीस जण एकमेकांना ओळखतात आणि उरलेल्या पाचांकडे सगळे बघतात. चपला काढतानाच "तुम्ही कोणाबरोबर आलात?" विचारतात, चहाच्या वेळी "तुम्हीही गाता का?" विचारतात. भिंतीजवळची जागा आधीच धरलेली असते आणि मधेच उठायचं तर बारा गुडघे ओलांडावे लागतात. बैठक ही सुंदर गोष्ट आहे, पण ती वर्षभराने. सुरुवात हजार खुर्च्यांच्या सभागृहात करा. दिवे मंद झाले की तिथे तुमच्याकडे कुणीही बघत नाही.

पहिली जागा म्हणजे नरिमन पॉइंटच्या टोकाचं एनसीपीए या कलाकेंद्रातलं टाटा थिएटर. १९८० साली सुरू झालेलं, साधारण १,०१० खुर्च्यांचं. फिलिप जॉन्सन यांची वास्तुरचना आणि सिरिल हॅरिस यांची ध्वनिरचना. माइकशिवायही आवाज मागपर्यंत पोचावा म्हणूनच ते तसं बांधलंय, त्यामुळे मागे बसून काही गमावत नाही. चर्चगेटहून चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. दुसरं, किंग्ज सर्कलचं षण्मुखानंद सभागृह. सत्तावीसशेच्या वर खुर्च्या, दोन बाल्कन्या. बाल्कनीत पुढच्या रांगा घ्या. रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ला बंद पडलं होतं, ते २०१६ला पुन्हा उघडलं. देखणं आहे, पण त्या मानाने लहान, मध्यंतरात माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात. ते तिसऱ्या-चौथ्या खेपेला. पार्ल्याचं दीनानाथ नाट्यगृह आणि प्रभादेवीचं रवींद्र नाट्य मंदिर तुम्हाला परकं वाटणारच नाही, आपल्या रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहासारखाच माहोल असतो.

आता कुठे बसायचं ते. मी कोकणात साऊंडचं काम करतो, म्हणून हे छातीठोक सांगतो. कुठल्याही कार्यक्रमात सगळ्यात नीट आवाज मिक्सरपाशी, म्हणजे आवाज जुळवायच्या टेबलापाशी असतो, कारण साऊंडवाला तिथे बसून स्वतःच्या कानाने तो जुळवतो. पहिल्या दोन-तीन रांगांत वरच्या स्पीकरचा आवाज डोक्यावरून निघून जातो, खालच्या सबचा (जाड आवाजाच्या स्पीकरचा) दणका आणि कलाकाराच्या मॉनिटरचा (त्याला स्वतःचं गाणं ऐकवणाऱ्या स्पीकरचा) उलटा आवाज तेवढा ऐकू येतो. अगदी भिंतीकडेला गेलात तर एकाच बाजूचा स्पीकर ऐकता. खाली, डोक्यावर बाल्कनी येते त्या शेवटच्या चार-पाच रांगांत वरचे सूर बुजतात. म्हणून मिक्सर ज्या रांगेत आहे तिच्या जवळपास, वाटेकडेची खुर्ची. एकट्याचा फायदा असा की जोड्यांच्या मधे उरलेली सुटी खुर्ची शेवटच्या दिवशीही मिळते, आणि ती बरेचदा उत्तम जागेची असते.

उभं राहून ऐकायच्या बँडच्या कार्यक्रमांनाही हेच. लोअर परळच्या अँटीसोशल या बारसारख्या ठिकाणी स्टेजसमोर रेटारेटी, बारपाशी गप्पा. मिक्सरच्या कठड्याला पाठ लावून उभे राहा. तिथे कुणी ढकलत नाही, बोलायलाही येत नाही. तिकिटाचे दोन प्रकार असतात : नुसता प्रवेश, किंवा खाण्यापिण्यात वळते होणारे पैसे. पीत नसाल तर पहिलं घ्या. वयाचं ओळखपत्र आणि लहान पिशवी जवळ ठेवा, मोठी सॅक दारात अडवतात.

कान सांभाळा. ८५ डेसिबलच्या आवाजात कानाला आठ तास चालतात, पण पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला पंधराच मिनिटं. कापसाचा बोळा काही कामाचा नाही. फोमचा प्लग बोटांत बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, प्लग आत सरकवून तो फुलेपर्यंत वीस-तीस सेकंद दाबून धरायचा. फोमने वरचे सूर जास्त कापले जातात आणि शब्द घोगरे येतात. गाण्यासाठी फिल्टरवाले सिलिकॉनचे प्लग बरे. गोंगाटाने थकणाऱ्या माणसाला यानेच तासभर जास्त टिकता येतं.

खरी परीक्षा मध्यंतराची. सगळे उठतात, घोळके होतात, आणि एकटा माणूस मोबाइलमध्ये तोंड खुपसतो. उठूच नका. अर्धं सभागृह रिकामं होतं, पडदा उघडा असला तर तानपुरे पुन्हा लावताना दिसतात, तबलजी तबला सुरात आणायला हातोडीने गट्टे ठोकत असतो. स्वच्छतागृहाची गर्दी पहिल्या सात-आठ मिनिटांत असते. मराठी नाट्यगृहात पहिली घंटा झाली की निघा, तिसरीच्या आत सहज परत येता. शास्त्रीय मैफिलीतून लवकर निघायचं असेल तर एक राग संपून टाळ्या होतात तेव्हाच. विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, चालू असताना उठणं वाईट. मोठा ख्याल नंतरच्या जलद द्रुतासकट पाऊण-एक तासही चालतो, तेवढा हिशोब धरून बसा. आणि जमलं तर शेवटच्या भैरवीपर्यंत थांबा.

दाद द्यायची सक्ती नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण मागे गप्प बसून ऐकणाऱ्यांवरून आमच्याकडे वर्षानुवर्षं वाद आहे. कार्यक्रम सुरू होण्याआधी निवेदक माइकवरून सांगतो, "पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत, मागे बसलेल्यांनी पुढे यावं." मग कुणीतरी कार्यकर्ता एकेकाला हाताला धरून पुढे आणतो. एका ठिकाणी मिक्सरशेजारी एक वयस्कर गृहस्थ येऊन बसायचे. मिटलेली छत्री मांडीवर आडवी, उजव्या हाताचं एक बोट त्या छत्रीवर. विलंबित एकतालात मात्रा इतक्या लांब असतात की भलेभले चुकतात, यांचं बोट समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, बरोबर पडायचं. तोंडातून "वा" कधी आलं नाही. एकदा त्यांना नाव घेऊन पुढे बोलावलं. ते उठले, नमस्कार केला आणि दाराकडे गेले. पुन्हा आले नाहीत. आयोजक आजही म्हणतात की मागे बसणाऱ्याला गाण्यात रस नसतो. मी म्हणतो, तुम्ही त्या दिवशी सभागृहातला सगळ्यात चांगला श्रोता घालवलात.

आपल्या गावात डबलबारीला (दोन भजनी बुवांच्या सामन्याला) बांधावर बसून रात्रभर ऐकणाऱ्याला कुणी विचारत नाही की तू मंडपात का आला नाहीस. ही सवय तुमच्या अंगात आहेच, तीच मुंबईत न्या. एकलकोंडा, माणूसघाणा असं कुणी म्हटलं तर म्हणू दे. "एकटाच आलास?" असं विचारलं तर "हो, ऐकायला आलोय" एवढं उत्तर पुरतं.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. गर्दीत छाती धडधडून घाम फुटत असेल, श्वास अडकत असेल, तर तो लाजाळूपणा नव्हे. डॉक्टरांना दाखवा, वरची कुठलीही युक्ती त्यावर उपाय नाही. रात्री उशिरा परतायची धास्ती असेल तर सकाळच्या मैफिली शोधा. मुंबईत रविवारी सकाळीही मैफिली होतात, आणि त्या वेळी कुणालाच फार बोलायचं नसतं. गावी असाल तर रत्नागिरीच्या आर्ट सर्कल या संस्थेचा थिबा राजवाड्यातला जानेवारीतला संगीत महोत्सव चुकवू नका. उघड्यावर आहे, मागे बसून शांतपणे ऐकता येतं.

शनिवारी मैफल ऐकून तसंच गावी जायचं असेल तर दादरहून तुतारी एक्सप्रेस आहे, रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी. तिकीट काढताना रविवारची तारीख टाका. शनिवारची टाकली तर ती गाडी तुम्ही मैफलीला जायच्या आदल्या रात्रीच निघून गेलेली असते, आणि टीसी दादरच्या फलाटावर ऐकून घेत नाही.