तुमचे प्रश्न: लेकीला स्पीकर घ्यायचाय, पण गाणी कुणाच्या फोनवरून वाजणार?

प्रश्न: दादा नमस्कार. आम्ही अक्कलकोट रोडला राहतो, खाली यंत्रमागाचं शेड आणि वर आमचं घर. मुलगी यंदा नववीत गेली, १४ वर्षांची आहे, डान्सचं भारी वेड. चौघी मैत्रिणी मिळून संध्याकाळी गच्चीवर प्रॅक्टिस करतात, आत्तापर्यंत माझा मोबाईल स्टीलच्या पातेल्यात उभा ठेवून गाणी लावायच्या म्हणजे जरा आवाज मोठा येतो, आता वाढदिवसाला ब्लूटूथ स्पीकरच पाहिजे म्हणून बसलीय. बजेट अडीच हजार. नवी पेठेत विचारलं तर एकजण ८० वॉट दाखवतो, दुसरा १२० वॉट, काही कळेना. ह्यांचं म्हणणं, इयरफोन घेऊन दे, शेजाऱ्यांना त्रास नको. तिला स्वतःचा फोन नाही आणि दहावी होईपर्यंत आम्ही देणार पण नाही. काय घ्यावं?
– एक आई, सोलापूर

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य म्हणजे शेवटून दुसरं, तिला फोन नाही हे. दुकानदार हे विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. ब्लूटूथ स्पीकरमध्ये स्वतःचं काही नसतं, गाणं फोनमधून येतं. म्हणजे रोज संध्याकाळी तास-दीड तास तुमचा फोन गच्चीवर, कारण ब्लूटूथ मोकळ्या जागेत साधारण १० मीटर चालतं पण मध्ये स्लॅब आला की तुटायला लागतं, फोन स्वयंपाकघरात आणि स्पीकर वर असं जमणार नाही. आणि त्यात तुमच्या बहिणीचा फोन आला की गाणं बंद, रिंग स्पीकरवर, पोरीने चुकून उचलला तर मावशीचं सगळं बोलणं चार घरांना ऐकू. आठ दिवसांत तुम्ही वैतागाल, मग "ठेव तो स्पीकर" सुरू होतं आणि वाढदिवसाची वस्तू कपाटात जाते. मी हे दोन-तीन घरांत बघितलंय.

म्हणून तुमच्यासाठी माझी पहिली अट, मेमरी कार्ड लावायची खाच असलेला स्पीकर घ्या, पेन ड्राइव्हची असेल तरी चालेल. कार्डात गाणी भरली की फोनची गरजच नाही. सगळ्या स्पीकरला ही सोय नसते हां, नावाजलेल्या कंपन्यांच्या बऱ्याच मॉडेलला नसते, उदाहरणार्थ जेबीएलचा गो ३, छान आहे, तळहातावर मावतो, पण त्याला ना कार्ड ना ऑक्स वायर (फोन थेट जोडायची वायर), फक्त ब्लूटूथ. दुकानात जाताना घरून ३२ जीबीपर्यंतचं कार्ड घेऊन जा आणि तिथंच लावून वाजवून बघा, खोक्यावर लिहिलंय एवढ्यावर सोडू नका. अजून एक, गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये जे डाउनलोड होतं ते त्या अ‍ॅपमध्येच वाजतं, कार्डावर टाकून चालत नाही, साधी एमपी३ फाइल लागते.

आता ते ८० आणि १२० वॉट. ताई, अडीच हजारातल्या हातात मावणाऱ्या स्पीकरवर असा आकडा दिसला की आधी "आरएमएस किती?" असं विचारायचं. आरएमएस म्हणजे सतत वाजताना खरोखर मिळणारी ताकद, खोक्यावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा क्षणभराच्या उसळीचा असतो. वर सांगितलेला गो ३ फक्त ४.२ वॉटचा आहे आणि एका खोलीला पुरतो. आणि वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबल (आवाज मोजायचं माप) वाढतो, कानाला जेमतेम जाणवेल एवढा. उलट गच्चीवर भिंती नाहीत, आवाज पसरून जातो, अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी. त्यात खाली मागाची खटखट. म्हणून १० ते २० वॉट आरएमएस बघा, आणि स्पीकर मध्ये ठेवायचा नाही, कठड्याच्या कोपऱ्यात ठेवायचा, तोंड पोरींकडे. दोन्ही बाजूच्या भिंती आवाज परत फेकतात, बेस वाढतो, फुकटात.

दुकानात मुलीला घेऊनच जा. ती ज्या गाण्यावर नाचते तेच लावायला सांगा, हलगी किंवा ढोल असलेलं असेल तर उत्तमच. आवाज तीन चतुर्थांशपर्यंत वाढवा आणि दहा पावलं लांब जाऊन उभ्या राहा. आवाज फाटतोय का, शब्द कळतात का, की नुसतं धबधब होतंय? बऱ्याच स्पीकरच्या दोन्ही टोकांना रबराच्या चकत्या असतात, ठोक्याबरोबर आतबाहेर होतात, त्यावर हलकं बोट ठेवलं की ठोका बोटाला लागतो आणि काही खिळखिळं असेल तर तेही लगेच कळतं. मी स्वतः असंच बघतो.

पाणी आणि धूळ. खोक्यावर आयपी ६७ असं काहीतरी असतं, पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो. आयपीएक्स ५ किंवा ७ लिहिलं असेल तर एक्स म्हणजे धुळीची खात्री दिलेलीच नाही. तुमच्याकडे पाण्यापेक्षा धूळ महत्त्वाची, खाली माग आहेत म्हणजे कापसाचे तंतू हवेतच असणार आणि ते स्पीकरच्या जाळीत आणि चार्जिंगच्या भोकात जाऊन बसतात. आता खरं सांगतो, या बजेटमध्ये कार्डाची खाच आणि आयपी ६७ दोन्ही एकत्र मिळणं अवघड आहे. मी तुमच्या जागी असतो तर कार्ड निवडलं असतं, चार्जिंगच्या भोकाला रबरी झाकण आहे एवढं बघितलं असतं, आणि स्पीकर खालीवर नेताना कापडी पिशवीत, आठवड्याला कोरड्या मऊ ब्रशने जाळी साफ.

सगळ्यात जास्त जपायचंय ते उन्हाला. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, गच्चीची फरशी त्याहून कितीतरी तापते, काळा स्पीकर तर विचारूच नका. माझ्या घरी हेच झालं, दुपारी कठड्यावर विसरला, संध्याकाळी उचलला तर हाताला चटका, आणि तसाच गरम गरम चार्जिंगला लावला, ही चूक माझी. दोन महिन्यांत सहा तास चालणारा स्पीकर दीड तासावर आला, मागची बाजू फुगून स्क्रू वर आले. लिथियमच्या बॅटरीला ४५ अंशांच्या वर चार्ज करायचंच नसतं. प्रॅक्टिस झाली की खाली आणायचा, फॅनखाली थंड होऊ द्यायचा, मग चार्जिंग. एवढी एक सवय मुलीला लावा. आणि खोक्यावरचे १० तास मध्यम आवाजाचे असतात हं, फुल आवाजात निम्मेही मिळत नाहीत.

इयरफोनचं म्हणाल तर मी ह्यांच्या बाजूने नाही. चौघींचा एक नाच चार कानांत वेगवेगळा कसा व्हायचा? शिवाय खाली मागाचा आवाज असला की पोरं इयरफोनचा आवाज वाढवतच नेतात, जागतिक आरोग्य संघटनेने लहान मुलांसाठी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास एवढीच मर्यादा सांगितलीय आणि आवाज ३ डेसिबल वाढला की वेळ निम्मा होतो. स्पीकरवर निदान पोरगी काय ऐकते, किती मोठ्याने ऐकते हे घराला कळतं, मला हे फार मोलाचं वाटतं. शेजाऱ्यांची काळजी मात्र बरोबर आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर नाही हा तर नियमच आहे, तुम्ही साडेसातलाच आवरा म्हणावं, आणि परीक्षेच्या दिवसांत शेजारच्या काकूंना एकदा विचारून घ्यायला मुलीलाच पाठवा.

बिल पक्कं घ्या, वर्षाची वॉरंटी त्यावरच मिळते. खोक्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी, म्हणजे आर अक्षराने सुरू होणारा नंबर बघा. दुकानदाराने नंतर हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

प्रश्न: मुलाचा स्पीकर वर्षभर कपाटात पडून होता, आता चार्जच होत नाही. फेकावा का?
– एक वडील, जुळे सोलापूर

उत्तर: इतक्यात नको. बॅटरी तळाला गेली की सुरुवातीला लाइटसुद्धा लागत नाही, साध्या ५ व्होल्टच्या चार्जरला दुसरी वायर लावून दोनेक तास ठेवा, पण समोर बसून, रात्रभर नाही. कुठं फुगवटा किंवा वास असेल तर अजिबात लावू नका, उघडू नका, टोचू नका, घंटागाडीत नेहमीच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या. चालू झाला तर पुढच्या वेळी कपाटात ठेवताना निम्मा चार्ज करून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघत जा.