नर्सिंगची नोकरी सोडून कायरोप्रॅक्टिक शिकावं का?

प्रश्न: मी 34 वर्षांची, रुग्णालयात कायम नोकरीवर असलेली नर्स आहे. पाठदुखीच्या रुग्णांची सेवा करता करता कायरोप्रॅक्टिकची, म्हणजे मणके आणि सांध्यांवर हातांनी करायच्या उपचारांची, ओढ लागली. नोकरी सोडून चार वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम करायचा आणि नंतर अर्धा वेळ नर्सिंग, अर्धा वेळ स्वतःचं क्लिनिक, असा विचार आहे. एकूण फी माझ्या दोन वर्षांच्या पगाराइतकी आहे. पगारातला 65 टक्के भाग घरखर्चात जातो, बाकीचा शिल्लक पडतो. आजवरची बचत वर्षाच्या पगाराच्या 90 टक्के भरेल. हे परवडेल का?

उत्तर: आजच्या स्थितीत नोकरी सोडू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमची ओढ खरी आहे हे पत्रातून जाणवतं, म्हणूनच हिशेब सविस्तर मांडतो.

तुमच्या हाती वर्षाला येणारा पगार 100 धरू. फी झाली 200. पण सगळ्यात मोठा खर्च फीचा नाही, चार वर्षं न मिळणाऱ्या पगाराचा आहे: 400. शनिवार-रविवारच्या ड्यूट्या करून वर्षाला 30 मिळवलेत, तरी 280 बुडतात. म्हणजे या निर्णयाची खरी किंमत 480, जवळजवळ पाच वर्षांची कमाई.

आता कर्ज. चार वर्षांचा घरखर्च 260 आणि फी 200, मिळून 460. त्यातून ड्यूट्यांचे 120 वजा करा. बचतीतले 35 अडीअडचणीसाठी बाजूला ठेवायलाच हवेत, तेव्हा वापरता येतील 55. उरलेले 285 कर्जाचे. 8 टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे तर हप्ते वर्षाला सुमारे 42 होतात, आणि शिकतानाच्या काळातलं व्याज यात धरलेलंच नाही. घरखर्च 65 आणि हप्ते 42, म्हणजे नुसतं तगून राहायला 107 लागतील. अर्धवेळ नर्सिंगचे 50 आले, तर क्लिनिकने भाडं, विमा, कर, मदतनिसाचा पगार सगळं भागवून 57 द्यायला हवेत, तेही पहिल्या वर्षापासून. नव्या क्लिनिकला रुग्ण जोडायलाच काही वर्षं जातात. आजच्यासारखी वर्षाला 35 ची बचतही चालू ठेवायची असेल, तर क्लिनिककडून 92 हवेत.

त्या चार वर्षांत थांबलेली बचत निवृत्तीच्या वेळी जाणवते. वर्षाला 35 प्रमाणे 140 गुंतवले असते आणि महागाई वजा जाता 4 टक्के वाढ मिळाली असती, तर साठाव्या वर्षी त्यांचे सुमारे 350 झाले असते.

दोन परवाने असले की कमाई दुप्पट होते, असं अनेकांना वाटतं. तसं घडत नाही. नर्स म्हणून ड्यूटीवर असताना तुम्ही रुग्णाच्या मणक्यांवर कायरोप्रॅक्टिकचे उपचार करू शकणार नाही, कारण तिथे तुमची नेमणूक, अधिकार आणि विमा नर्सचा असतो. क्लिनिकमध्ये नर्सिंगची पदवी विश्वास वाढवेल, पण फी वाढवणार नाही. नोंदणीची फी, सक्तीचं प्रशिक्षण, व्यावसायिक जबाबदारीचा विमा, सगळं दोनदा भरावं लागेल. रुग्णालयातले रुग्ण स्वतःच्या क्लिनिककडे वळवणं तर नोकरीवर गदा आणणारं ठरू शकतं; त्यामुळे ज्या ओळखींवर तुमची भिस्त असेल, त्या वापरता येतीलच असं नाही.

मागणी आहे, हे मान्य. 2020 साली जगभरात सुमारे 61.9 कोटी लोकांना कंबरदुखी होती. पण तोच रुग्ण फिजिओथेरपिस्टकडेही जातो, अस्थिरोगतज्ज्ञाकडेही. कायरोप्रॅक्टिकला कायदेशीर मान्यता आणि विम्याचं संरक्षण सगळीकडे सारखं नाही, आणि क्लिनिकचं उत्पन्न नेमकं याच दोन गोष्टींवर ठरतं.

आणखी एक काळजी वाटते ती तुमच्या शरीराची. रुग्ण उचलणं, कूस बदलून देणं यात नर्सची कंबर झिजते. कायरोप्रॅक्टरचा भार मनगटं, खांदे आणि पुन्हा कंबरेवरच. पाठीने दगा दिला तर दोन्ही उत्पन्नं एकाच दिवशी थांबतील. उत्पन्नाचे दोन स्रोत घेण्यामागचा मुख्य हेतूच इथे पुरा होत नाही.

एक वाट मात्र जरूर तपासा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2005 च्या मार्गदर्शक सूचनांत नव्या विद्यार्थ्यासाठी किमान 4200 तासांचं शिक्षण सांगितलं आहे. पण आधीच आरोग्यसेवेत शिकलेल्यांसाठी किमान 2200 तासांचा, दोन-तीन वर्षांचा आणि अर्धवेळही चालणारा मार्ग दिला आहे. दोन्हींत देखरेखीखालचे 1000 तास प्रत्यक्ष काम हवंच. तुम्ही जिथे काम करणार तिथली परवाना देणारी संस्था असा अभ्यासक्रम मान्य करते का, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. कॉलेजच्या प्रवेश विभागाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. मान्य असेल आणि निम्मा पगार चालू ठेवून तीन वर्षांत शिकता आलं, तर बुडणारा पगार 280 वरून 150 वर येतो. मग माझं मतही बदलेल, पण दोन अटींवर: कर्ज एका वर्षाच्या पगारापेक्षा जास्त नको आणि बचत आधी दीडपट करा.

ते मान्य नसेल, तर वेदना व्यवस्थापन किंवा पुनर्वसनातलं नर्सिंगचं विशेष शिक्षण नोकरी न सोडता होतं का ते पाहा. ज्या रुग्णांसाठी तुमचा जीव तुटतो, तेच रुग्ण तिथेही आहेत.

निर्णय कोणताही घ्या, अपंगत्वाने उत्पन्न थांबल्यास भरपाई देणारा विमा याच महिन्यात काढा. कायम पगार आणि धडधाकट पाठ असताना तो सहज मिळतो. राजीनाम्यानंतर विमा कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागेल, तेव्हा तुमच्याकडे दाखवायला फक्त विद्यार्थ्याचं ओळखपत्र असेल.