आधी तळघरात वर्षभर थर्मामीटर ठेवा, मग पेटी घ्या

तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. मुलगी २०२२ची. तिच्या अठराव्या वाढदिवसाला, म्हणजे २०४० साली उघडायला बोर्दोजवळच्या सँतेस्तेफ गावच्या २०२२च्या रेड वाइनच्या बारा बाटल्या घ्यायच्या आहेत. शातोवर, म्हणजे वाइन बनवणाऱ्या मळ्यावर, जाऊन चाखलीत तर तोंड नुसतं तुरट झालं, म्हणून मन कचरतंय. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, 'ठेवायला भाड्याच्या फ्लॅटबरोबर मिळालेलं तळघर आहेच.' तुमचा प्रश्न चवीचा आहे, पण त्या शेवटच्या वाक्यानं माझ्या पोटात गोळा आला. माझ्या बारा बाटल्या अशाच एका तळघरात गेल्या.

आधीच सांगते, मी सॉमेलिए, म्हणजे वाइनची जाणकार, नाही. तुलूझला विमानांच्या वायरिंगचं काम करते, सोळा वर्षं इथे आहे आणि बोर्दोकडे वर्षातून दोनतीनदा जाणं होतं. हा अनुभव एका घरातला, एका इमारतीतला आहे. बाटल्या आडव्या का ठेवायच्या, अंधार का हवा, हे तुम्हाला माहीत असणार, त्यात जात नाही.

आमची मुलगी २०१०ची. बोर्दोसाठी ते वर्ष फार मोठं, टॅनिनही (वाइनला तुरटपणा देणारं द्रव्य) भरपूर आणि आंबटपणाही टिकून. २०१३च्या वसंतात आम्ही सँतेस्तेफची एक पेटी घेतली, लाकडी, खिळे ठोकलेली. तेव्हाच्या पगाराला ती जड होती. इमारतीला दगडी पायऱ्यांचं जुनं तळघर होतं आणि प्रत्येक फ्लॅटला त्यातली एक कुलूपबंद खोली. फ्रेंचमध्ये तळघरालाही 'काव्ह' म्हणतात आणि वाइनच्या कोठीलाही 'काव्ह'च. मी त्या शब्दावर विसंबले. इमारतीचं व्यवस्थापन बघणाऱ्या कंपनीला विचारलं होतं, तिथून उत्तर आलं की काव्ह कोरडी आणि चांगली आहे, लोक वर्षानुवर्षं वाइन ठेवतात. तापमान किती, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

२०१५च्या जुलैत अण्णा आले. तासगावला आमची द्राक्षबाग, बेदाणा करून कोल्ड स्टोरेजला ठेवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. कौतुकानं मी त्यांना पेटी दाखवायला खाली नेलं. त्यांनी पेटीकडे बघितलंसुद्धा नाही. मागच्या भिंतीला तळहात लावून उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, ह्या भितीला ऊब हाय. आपन बेदाणासुदीक असल्या खोलीत ठेवत न्हाई." मी म्हटलं, अण्णा, ही दगडी इमारत आहे, इथले लोक शंभर वर्षं ठेवतायत. ते पुढे काही बोलले नाहीत.

त्या भिंतीपलीकडून सगळ्या इमारतीच्या गरम पाण्याचा पाइप जात होता. हिवाळ्यातल्या हीटिंगचा असता तर निदान उन्हाळ्यात बंद राहिला असता. आंघोळीचं पाणी बारा महिने लागतं. त्यावर २०१९चा उन्हाळा आला, जूनमध्ये आणि परत जुलैत. त्या २८ जूनला आमच्याच प्रांतातल्या एरो जिल्ह्यात व्हेरार्ग गावी ४६ अंशांची नोंद झाली. आम्ही सुट्टीवर सांगलीला होतो. खाली कोणी गेलं नाही.

२०२०च्या नोव्हेंबरात मुलगी दहा वर्षांची झाली. लॉकडाउन होता, घरात आम्ही तिघंच. म्हटलं, एक बाटली उघडून बघू, कशी चाललीय. कॅप्सूल, म्हणजे बुचावरचं आवरण, काढली तर बूच काचेच्या कडेपेक्षा जरा वर आलेलं आणि वरपर्यंत भिजलेलं. ग्लासात कडेला विटकरी रंग. दहा वर्षांच्या सँतेस्तेफला असा रंग यायला नको. वास शिजवलेल्या आलुबुखाराचा, जॅमसारखा, आणि तोंडात काहीच उरत नव्हतं. दुसरी उघडली, तीच. बाकीच्यांच्या कॅप्सूलखाली चिकट ओघळ सुकलेले. मग पंधरा युरोंचा थर्मामीटर आणून ठेवला, जो सात वर्षांपूर्वी ठेवायला हवा होता. जानेवारीत २२, ऑगस्टमध्ये २७.

वाइनला हवं काय, तर १२ ते १४ अंश. गरम जागेत ती भराभर म्हातारी होते, तेही वेड्यावाकड्या रीतीनं. आकडा वरखाली होत राहिला तर आणखी वाईट, कारण द्रव फुगतो, बूच वर ढकलतो, मग आकसतो आणि हवा आत घेतो. म्हणून कायम १५-१६ असणारी खोली मी १० ते २४ मध्ये झुलणाऱ्या खोलीपेक्षा केव्हाही पत्करेन. आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास असावी. जास्त झाली तर लेबलं बुरसटतात, वाइनला काही होत नाही.

त्या व्यवस्थापन कंपनीबद्दल लिहायला बसले की अजून हात थरथरतो. पाइपवर वेष्टण घाला म्हणून मी रजिस्टर्ड पत्र पाठवलं. उत्तर सात आठवड्यांनी आलं: पाइप सामायिक मालमत्ता आहे, विषय मालकांच्या वार्षिक सभेत यायला हवा. मी भाडेकरू, मला मत नाही. विषय घरमालकानं मांडायला हवा, आणि आमचे मालक राहणार दुसऱ्या शहरात. त्यांना विनवून विषय घातला, तर त्या वर्षीची कार्यक्रमपत्रिका 'आधीच गेली होती'. विम्यानं सांगितलं, हळूहळू झालेलं नुकसान पॉलिसीत बसत नाही. कोणीच 'चूक झाली' असं म्हटलं नाही. पैसे मी कधीच सोडून दिले. मुलीच्या जन्मसालाची वाइन होती, ती परत कशी येणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच: पेटी घेण्याआधी तळघरात किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर ठेवा. पेटी जिथे राहणार त्याच उंचीवर, मागच्या भिंतीला लागून. वर्षभर नाही जमलं तर निदान एक जानेवारी आणि एक ऑगस्ट तरी. तोवर वाइन विकणाऱ्याकडेच राहू दे, किंवा तापमान राखणाऱ्या भाड्याच्या गोदामात. तिथली पावती जपा, पुढे कधी विकायची झाली तर तीच विचारतात. किंवा मुरवण्यासाठीचं विजेचं कपाट घ्या. मी आता तेच वापरते. स्वयंपाकघरातला फ्रिज वर्षानुवर्षांसाठी अजिबात नको, फार थंड, फार कोरडा आणि सतत थरथरणारा.

आता तुमचा मूळ प्रश्न. तोंड तुरट झालं म्हणून घाबरू नका. मेदोक ह्या बोर्दोच्या वाइनपट्ट्यात उत्तरेला सँतेस्तेफच्या खडीत चिकणमाती जास्त असते. ती पाणी धरून ठेवते, म्हणून २०२२सारख्या कोरड्या, तापलेल्या वर्षात तिथल्या वेली तग धरतात, आणि वाइन तरुणपणी करकरीत असते. बघायचं ते हे की तुरटपणा जांभळाचा आहे की कच्च्या केळ्याचा. पिकलेलं जांभूळ खाल्ल्यावर हिरड्या सगळीकडे सारख्या आवळतात, पण मागे गोडवा आणि रस असतो. तो तुरटपणा मुरतो. कच्च्या केळ्यासारखा चिकट, घशाशी कडवट राहणारा मुरत नाही, नुसता म्हातारा होतो. घोट थुंका, गप्प बसा, मोजा. जिभेच्या कडांना पाणी सुटतंय का? फळाची चव दहा-बारा सेकंदांनंतरही आहे का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर घ्या. नुसता व्हॅनिला आणि भाजलेल्या लाकडाचा वास उरत असेल तर तो नव्या पिंपाचा आहे, त्यासाठी एवढे पैसे देऊ नका.

आणि चाखताना चीज खाऊ नका, कितीही प्रेमानं पुढे केलं तरी. वाइनच्या व्यापाऱ्यांत जुनं वचन आहे: विकत घ्यायची ती सफरचंदावर, विकायची ती चीजवर. चीजच्या स्निग्धपणात टॅनिन लपतं, सफरचंदाच्या आंबटपणात दोष उघडे पडतात. शक्य असेल तर त्याच शातोची दहा-बारा वर्षं जुनी बाटली मागा, पैसे देऊन. एका जुन्या ग्लासानं मला जे कळलं ते नव्या पाच ग्लासांनी कळलं नव्हतं.

कुठलं घ्यायचं यावर माझं मत ठाम आहे, पटलं नाही तर सोडा. बोर्दोच्या नामांकित शातोंच्या १८५५च्या वर्गवारीत सँतेस्तेफची पाचच नावं आहेत: मोंत्रोझ, कॉस देस्तुर्नेल, कालों-सेग्यूर, लाफों-रोशे, कॉस लाबोरी. पहिल्या दोन-तिघांचे भाव बघून मन मोडतं. लाफों-रोशे बघा, किंवा वर्गवारीत नसलेले फेलां सेग्यूर आणि मेने. मेने तर मोंत्रोझच्या शेजारीच, नदीकाठी. ह्या वाइन वीस वर्षं सहज चालतात. समीक्षकांनी दिलेल्या गुणांच्या मागे लागू नका. शंभरपैकी किती, हे तुमच्या मुलीला २०४० मध्ये कोण विचारणार आहे?

बारा एकसारख्या बाटल्याही घेऊ नका. सहा साध्या आणि दोन मॅग्नम घ्या. मॅग्नममध्ये दीड लिटर वाइन असते आणि तिथे ती सावकाश मुरते, वाढदिवसाला त्याच उघडा. साध्यांतली एक २०२८ला, एक २०३२ला, एक २०३६ला. मी पहिली बाटली सातव्या वर्षी उघडली. तिसऱ्या वर्षी उघडली असती तर बाकीच्या अकरा वाचल्या असत्या. मध्ये कधीतरी वाइन मुकी झाल्यासारखी वाटेल, ना वास ना फळ. तो बोर्दोचा नेहमीचा टप्पा आहे, विकून टाकू नका.

सप्टेंबरात सुपरमार्केटांत वाइनचे मेळे लागतात, तिथे भाव खरंच चांगले असतात, पण दिव्याखाली उभी मांडलेली बाटली उचलू नका, आतली न उघडलेली पेटी मागा. आणि भारतात न्यायचा विचार असेल तर ड्यूटी फ्री दोन लिटरच, म्हणजे साध्या दोन बाटल्या किंवा एक मॅग्नम. मे महिन्यात तर नेऊच नका. जुनी वाइन प्रवासात गाळ ढवळून बसते, तिला निदान आठवडाभर उभं ठेवून निवळू द्यावं लागतं.

आमच्या मुलीसाठी मी त्याच शातोच्या २०१०च्या तीन बाटल्या मागच्या वर्षी एका व्यापाऱ्याकडून परत घेतल्या, पहिल्या भावाच्या दुपटीहून जास्त देऊन. कपाटात १३ अंशांवर आहेत. २०२८ मध्ये ती अठरा वर्षांची होईल, तेव्हा अण्णा ब्याऐंशीचे असतील आणि यायचं म्हणतायत.

तुमच्या तळघराच्या मागच्या भिंतीला आज संध्याकाळी हात लावून या, आणि इमारतीचा गरम पाण्याचा पाइप कुठून जातो ते केअरटेकरला विचारा. ऑगस्टअखेरचा आकडा इथेच टाका, मग बाटल्यांचं बोलू.