चौथी मराठीतून, पाचवी इंग्रजीतून: घरच्यांनी काय तयारी करावी?

गोव्यात मराठी प्राथमिकमधून पाचवीला इंग्रजी माध्यमात गेलेलं मूल पहिल्या चाचणीत बहुधा गणितात आपटतं आणि घरचे लगेच ट्यूशन शोधतात. गणित येत असतं हो, प्रश्नच कळलेला नसतो. सुट्टीत वहीच्या पानाचे दोन भाग करा: डावीकडे भागाकार, अंश, छेद, उजवीकडे डिव्हिजन, न्यूमरेटर, डिनॉमिनेटर. रोज ५ शब्द, २० मिनिटं पुरे. मग इंग्रजी शाब्दिक उदाहरण वाचून मराठीत सांगायला लावा. देवनागरी आकड्यांची सवय असेल तर ती आधी मोडा. घाईत लिहिलेला १ टीचरला इंग्रजी नऊ वाटतो, बरोबर उत्तराचे गुण जातात. दप्तर वेळापत्रक बघून रात्रीच, मुलानेच भरायचं. घरातलं मराठी मात्र बंद करू नका.