स्टर्जन माशाचा वसंतसोहळा

प्रश्न : अमेरिकेतील मेनॉमिनी आदिवासी वसंतात एका माशाचा सोहळा करतात, त्यामागचे कारण काय?

उत्तर : तो मासा म्हणजे लेक स्टर्जन. विस्कॉन्सिनमधील वुल्फ नदीतून केशिना धबधब्याशी अंडी घालायला येणारा हा मासा दीर्घ हिवाळ्यानंतर मेनॉमिनींच्या हाती ताजे अन्न देई, म्हणून तो त्यांना पूज्य आहे. अंगावर हाडांच्या ढालींच्या रांगा आणि तोंडापुढे चार मिशा असलेले हे कूळ डायनासोरांच्या काळापासून चालत आले आहे. नदीच्या खालच्या अंगाला बांधलेल्या धरणांनी त्याची वाट शंभराहून अधिक वर्षे अडवली, हे फार क्लेशकारक होय. कारण मादी विशीच्या आसपासच प्रथम अंडी घालते आणि घटलेली संख्या सावकाशच भरून येते. आता काही मासे धरणांपलीकडे नेऊन सोडतात, आणि केशिनात नृत्य व सहभोजनाने त्यांचे स्वागत होते.